सोलर कंपनीत इंटर्न घेताय? जानेवारीचा बरा की मे महिन्याचा

घराच्या छतावर सोलर बसवण्यासाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठरले आणि गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या छोट्या सोलर कंपन्यांनाही मदतीला माणूस हवासा वाटू लागला. इंटर्न दोन प्रकारचे मिळतात. मेच्या अखेरीस येऊन जुलैत परत जाणारा, आणि शेवटच्या वर्षाचा, जानेवारीपासून पाच-सहा महिने राहणारा. बिट्स पिलानी या अभियांत्रिकी संस्थेच्या प्रॅक्टिस स्कूलमध्ये, म्हणजे त्यांच्या इंटर्नशिपच्या अभ्यासक्रमात, तर हे दोन्ही प्रकार आहेत.

मी जानेवारीवाल्याच्या बाजूने आहे. कारण आपल्याकडचा पाऊस. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो लागला की छतावरची कामे रखडतात. मेच्या अखेरीस आलेल्या मुलाला हार्नेस (सुरक्षा पट्टा) बांधून वर चढायला शिकवेपर्यंत कौले निसरडी झालेली असतात. जानेवारीचा मुलगा मात्र पाहणीपासून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागेपर्यंत एखादे घर पूर्ण बघू शकतो. वीज खात्यातली फाईल कुठे अडते, हेही त्याला त्यातच कळते.

दुसरे कारण सावलीचे. गोवा साधारण साडेपंधरा अंशांवर आहे. डिसेंबर-जानेवारीत भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सपाट गच्चीवरच्या एक मीटर कठड्याची सावली पाऊण मीटरभर तरी पसरते. मेमध्ये तोच सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो आणि ती सावली जवळजवळ नाहीशी होते. मेमध्ये पाहणी शिकलेल्या मुलाला दक्षिणेकडचा माड निरुपद्रवी वाटतो. जानेवारीत शिकलेला आधी त्या माडाकडेच बघतो. सॉफ्टवेअर सावलीचे गणित करून देते हे खरे, पण माडाची उंची त्यात कोणीतरी नीट भरावी लागते.

मग मेवाला घेऊच नये का? घ्यावा, पण त्याचे काम वेगळे ठेवावे. पावसाळ्यात जुन्या साईटवरून सकाळी फोन येतात, ‘इन्व्हर्टर चालूच होत नाही.’ पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले की इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेर गळू न देण्याची क्षमता, कमी होते, इन्व्हर्टर ते सकाळी तपासतो आणि सुरू व्हायला नकार देतो. उन्हे आली, ओल सुकली की आपोआप चालतो. कुठल्या साईटवर, कुठल्या दिवशी, किती वाजता असे झाले याची नोंद दोन महिने नेमाने ठेवणारा विद्यार्थी मिळाला तर तो मोठा आधार असतो. किनाऱ्याकडच्या घरांत गंजलेले नट-बोल्ट आणि अर्थिंगचे जोड तपासायचे असतात, ते त्याला पावसाआधीच्या दिवसांत वायरमनबरोबर करता येईल.

मानधन दोघांनाही द्यावे, निदान पेट्रोल आणि जेवण सुटेल एवढे तरी. पावसात स्कूटरवरून साईट गाठणाऱ्या मुलाला ‘अनुभव मिळतोय ना’ म्हणून भागवणे मला पटत नाही.

स्वागताची पद्धत मात्र दोघांसाठी सारखीच हवी. पहिल्या दिवशी छताखालीच थांबवा. ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असतेच, खालचा स्विच पाडला तरी; आणि एकापुढे एक, मालिकेत (सिरीजमध्ये) जोडलेल्या पॅनेलांचा विजेचा दाब काही शे व्होल्टपर्यंत जातो. चालू लोडवर, म्हणजे वीज वाहत असताना, कनेक्टर ओढला तर ठिणगीची कमान उडते. हे एकदा सांगून पुरत नाही. मल्टीमीटर त्याच्या हातात द्या, शेजारी जुना वायरमन उभा करा आणि मोजून झाल्यावर त्यालाच विचारा, आता कशाला हात लावायचा नाही? उत्तर नीट आले तर दुसऱ्या दिवशी शिडी.

कंपनीत वर चढणारे दोनच जण असतील आणि दोघेही कामात बुडालेले असतील, तर जानेवारीवालाही पुढच्या वर्षावर ढकला. सोबत कोणी नसताना विद्यार्थ्याला छतावर पाठवू नये. माणूस मोकळा करता येणार असेल तर दिवाळीनंतर लगेच कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाला पत्र द्या. डिसेंबरात मुले परीक्षा आणि नाताळच्या सुट्टीत असतात.