‘ॲक्टिव्ह’चे पैसे आणि कार्पेटखालच्या वायरी

गाडी जुनी स्विफ्ट, हौस नवी. कार ऑडिओतलं मला काही कळत नव्हतं, पण चार व्हिडिओ बघून एवढं डोक्यात पक्कं बसलं होतं की करायची तर ॲक्टिव्ह सिस्टिमच. म्हणजे प्रत्येक ट्विटरला (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) आणि प्रत्येक वूफरला (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) अँप्लिफायरचा, म्हणजे अँपचा, स्वतंत्र चॅनल, आणि कुठला आवाज कुणी वाजवायचा ते डीएसपी नावाचा डिजिटल डबा ठरवणार. पुढच्या दोन दारांना मिळून चार चॅनल. एवढ्या शिदोरीवर पुण्यातल्या एका दुकानात शिरलो.

‘‘सर, पहिल्यांदाच करताय ना? टेन्शन माझ्यावर सोडा,’’ मालक म्हणाला. डेमो बोर्डवर पाच सेट वाजवून दाखवले. जो सगळ्यात जोरात वाजला तो मला आवडला. (दोन स्पीकरांत जरा मोठा वाजणारा नेहमी चांगलाच वाटतो, हे दुकानदाराला माहीत असतं.) साडेसहा इंची कंपोनंट सेट (वूफर आणि ट्विटर वेगवेगळे), खोक्यावर ठळक ‘400 वॅट’. आतल्या कागदावर बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी ताकद, 60. तो कागद मी घरी येऊन वाचला.

खोक्यात दोन पॅसिव्ह क्रॉसओव्हरही होते, म्हणजे एकाच वायरीतला आवाज वूफर आणि ट्विटरमध्ये वाटून देणारे डबे. ‘‘ॲक्टिव्हमध्ये हे लागत नाहीत सर. आम्ही ठेवून घेतो, पाचशे कमी करतो.’’ लागत नाहीत हे खरंच आहे. म्हणूनच मी फसलो. माणूस खरं बोलतोय म्हटल्यावर पुढचं कोण तपासतो?

सगळं मिळून 41,500 रुपये. ‘‘जीएसटी वाचवून देतो’’ म्हणत हातात गुलाबी चिठ्ठी दिली, त्यावर ‘कार साउंड – 1 सेट’.

पहिल्याच दिवशी गायकाचा आवाज गुडघ्यापासून यायला लागला. वर ट्विटर नुसते चिसचिस करत होते. फोन केला तर, ‘‘स्पीकर मोकळे व्हायला महिना लागतो सर.’’ महिना वाट बघितली. मोकळा झाला तो माझा खिसा.

दिवाळीला सांगलीला गेलो तेव्हा गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांना गाडी दाखवली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. सीटखालच्या अँपमधून डाव्या बाजूची वायर सोडवली आणि तिची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवली. दारात वूफर ‘टप्’ झाला आणि त्याच वेळी वर ट्विटरही ‘टिक्’ झाला. ‘‘दोघं एकाच वायरीवर आहेत की रे! कसलं ॲक्टिव्ह?’’

मग पुढच्या काचेशेजारच्या खांबाचं, पिलरचं, प्लॅस्टिक काढलं. वूफरच्याच वायरीला जोड मारून ट्विटर लावला होता आणि मध्ये चिकटपट्टीत गुंडाळलेला 4.7 मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर होता. चार ओहमच्या ट्विटरला तो साधारण 8,500 हर्ट्झच्या खालचं उतरवत नेतो. म्हणजे माणसाचा जवळजवळ अख्खा आवाज दारातल्या वूफरच्या गळ्यात. अँपच्या उरलेल्या दोन चॅनलमधून वायरी निघाल्या होत्या खऱ्या. कार्पेटखाली वीतभर जाऊन त्यांची टोकं टेप लावून संपवली होती. डीएसपी म्हणून दिलेला डबा साधा इक्वलायझर होता: बास, मिड, ट्रेबल. चॅनलवार क्रॉसओव्हर नाही, एखाद्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडणारा डिले नाही.

अँपवर छापलं होतं 1600 वॅट. काकांनी फ्यूज बघितला: 20 अँपियरचा, एकच. 14.4 व्होल्ट धरले तरी आत जाणार 288 वॅट, बाहेर त्याहून कमीच.

कपॅसिटर दिसला की चोरीच, असं मात्र नाही. ॲक्टिव्हमध्येही काही कारागीर ट्विटर जळू नये म्हणून 47 मायक्रोफॅरडसारखा मोठा कपॅसिटर लावतात. पण तेव्हा सेल टेकवल्यावर ट्विटर एकटाच वाजतो.

स्पीकर कसे निवडायचे ते नंतर शिकलो. ॲक्टिव्हसाठी डेमो बोर्ड काही कामाचा नाही, कागद वाचायचा. ट्विटरचा रेझोनन्स (ज्या हर्ट्झला तो आपणहून थरथरतो), म्हणजे कागदावरचा ‘एफएस’, बघायचा आणि डीएसपीत त्याच्या निदान दुपटीखालचा आवाज ट्विटरसाठी तोडायचा. एफएस 1,200 हर्ट्झ असेल तर ट्विटर 2,500 पासून वापरता येतो. 2,000 असेल तर 4,000 पर्यंत वूफरला ओढत न्यावं लागतं, आणि साडेसहा इंची वूफर 2,000 च्या वर गेला की आवाज समोरच्या एकाच दिशेला फेकायला लागतो. क्रॉसओव्हर नसलेले सुटे स्पीकर मिळाले तर तेच घ्यावेत, न लागणाऱ्या डब्याचे पैसे वाचतात. आणि दाराची काच पूर्ण खाली करून आतली खोली मोजायची, नाहीतर काच मॅग्नेटवर आपटते.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. पहिला प्रश्न आला, बिल आहे का? गुलाबी चिठ्ठीवर ना जीएसटी नंबर, ना मॉडेल.

शेवटी दुकानात जाऊन भांडलो. मालक शांत. ‘‘सर, अँप लावून वाजतं ते ॲक्टिव्ह. आम्ही सगळ्यांना असंच करून देतो.’’ त्याच्या कोपराखाली काउंटरच्या काचेत माझ्या सेटच्याच मॉडेलचे दोन क्रॉसओव्हर विकायला मांडले होते. चिठ्ठी लावलेली, 1,800 रुपये जोडी.