व्हेडरची कॉमिक्स घ्यायचीत, पण गिलेनची की सूलची?

मावसभावाचा मेसेज आला, दादा स्टार वॉर्सची कॉमिक्स वाचायचीत, पैसे एकाच सेटचे आहेत, काळ्या हेल्मेटवाला, म्हणजे डार्थ व्हेडर पाहिजे, कुठला घेऊ. मी म्हटलं फोन कर, तर साहेब म्हणाले टाइप करून पाठव, मी मीटिंगमध्ये आहे. मग टाइप करायला बसलो आणि एवढं मोठं झालं की म्हटलं इथेच टाकतो, कारण हाच प्रश्न मला आधीही दोन-तीन जणांनी विचारलाय आणि प्रत्येक वेळी मी वेगळं उत्तर दिलंय.

आधी घोळ समजून घ्या. मार्व्हलने २०१५पासून "डार्थ व्हेडर" या एकाच नावाने तीन वेगवेगळ्या मालिका काढल्यात आणि तिन्हींची सुरुवात अंक नंबर एकपासून. पहिली २०१५-१६ची, कायरन गिलेनने लिहिलेली, चित्रं साल्वादोर लारोकाची, २५ अंक. दुसरी २०१७-१८ची, लेखक चार्ल्स सूल, चित्रं ज्युझेप्पे कामुंकोलीची, हीपण २५ अंक. तिसरी ग्रेग पाकची, २०२० ते २०२४, ५० अंक. त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं "डार्थ व्हेडर खंड एक द्या" म्हणालात तर तीनपैकी कुठलाही हातात पडेल, लेखकाचं नाव सांगूनच मागा.

वरून गंमत म्हणजे छापलेल्या क्रमात गोष्ट पुढे जात नाही. सूलची मालिका नंतर आली पण घडते सगळ्यात आधी, म्हणजे रिव्हेंज ऑफ द सिथ जिथे संपतो, ते टेबल, तो नवा सूट, ती किंकाळी, तिथून पुढच्या मिनिटाला. गिलेनची घडते १९७७चा पहिला सिनेमा आणि एम्पायर स्ट्राइक्स बॅक यांच्या मधे. पाकची एम्पायरच्या लगेच नंतर. आता कोणी म्हणेल मग काळाच्या क्रमाने वाचू, सूलपासून. माझं म्हणणं, नको. का ते सांगतो.

मला अंकाला मार्क द्यायची सवय आहे, जुन्या डायरीत पेन्सिलने दहापैकी आकडा लिहितो, बायको म्हणते पेपर तपासतोयस का. तर या डायरीनुसार सूलच्या २५ अंकांची सरासरी निघते ८.२ आणि गिलेनची ७.९. म्हणजे आकड्यावर जायचं तर सूल जिंकला. तरी मी भावाला गिलेनच घ्यायला सांगतोय, आणि इथेच मला अंकवार रेटिंगचा वैताग आहे. वीस-बावीस पानांचा अंक एकेकटा वाचून मार्क दिले की ज्या अंकात मारामारी जोरात तो वर जातो, आणि ज्यात लेखक शांतपणे पुढच्या दहा अंकांचं बी पेरतोय तो साडेसहावर बसतो. गिलेनचा तिसरा अंक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सात दिलेले. त्या अंकात अॅफ्रा येते. शेवटचा अंक संपवल्यावर परत मागे जाऊन तो सात खोडला आणि नऊ केला, डायरीत अजून खाडाखोड दिसते.

डॉक्टर अॅफ्रा म्हणजे पुरातत्ववाली बाई, पण थडगी उकरून काढलेली शस्त्रं दुरुस्त करून विकणारी, बडबडी, खोटारडी, आणि व्हेडरला भेटल्यावर घाबरायच्या ऐवजी चक्क खूश होणारी. तिच्याबरोबर दोन रोबो. ट्रिपल झीरो हा सिनेमातल्या थ्रीपीओ रोबोसारखा दिसतो, तितकाच सभ्य बोलतो, फक्त शिष्टाचार आणि भाषांतराच्या जोडीला छळ करणं हेही त्याचं स्पेशलायझेशन आहे. बीटी-वन हा सिनेमातल्या आरटूचा काळा भाऊ, वरून अॅस्ट्रोमेक, म्हणजे यानांची देखभाल करणारा रोबो, आणि आत नुसता दारूगोळा. सिनेमातली ओळखीची जोडी घेऊन तिला असं उलटं टांगलंय की हसू येतं आणि लगेच हसल्याबद्दल कसंतरी होतं.

आता मुद्दा असा की व्हेडरचं पुढे काय होणार हे सगळ्यांना माहितीये. कर्णाच्या रथाचं चाक रुतणार हे माहीत असताना आपण कर्णाची गोष्ट वाचतोच की, पण मग सांगणाऱ्याने काहीतरी वेगळं धरून ठेवावं लागतं ना. गिलेनने काय केलं, जिचं काय होणार हे कुणालाच माहीत नाही अशी एक बाई त्याच्या शेजारी उभी केली. व्हेडर मरणार नाही हे पक्कं, पण अॅफ्रा आज ना उद्या त्याच्याच हातून मरणार असं पहिल्या भेटीपासून वाटत राहतं, तिला स्वतःलाही वाटतं, कसं मारलेलं चालेल हेसुद्धा ती त्याला सांगून ठेवते. पुढचं नाही सांगत. पण २५व्या अंकापर्यंत तो एक संवाद डोक्यात ठेवा.

आणि सहावा अंक. इथे थोडं फुटणार आहे, पण सिनेमा बघितला असेल तर हरकत नाही. व्हेडरला हवंय डेथ स्टार, म्हणजे साम्राज्याचा तो चंद्राएवढा अंतराळतळ, पहिल्या सिनेमात उडवणाऱ्या पोराचं नाव. बोबा फेट येऊन सांगतो की पोरगं निसटलं, फक्त आडनाव मिळालं. स्कायवॉकर. म्हणजे व्हेडरचंच जुनं आडनाव, पोरगं त्याचं स्वतःचं. बस. व्हेडर काचेसमोर पाठमोरा उभा, बाहेर अंतराळ, मधेच जुन्या आठवणींची चित्रं, त्याची मेलेली बायको पॅद्मे, आणि समोरच्या काचेला तडा जायला लागतो. तो हात उचलत नाही, ओरडत नाही, मुखवट्यावर भाव तर दाखवताच येत नाहीत, मग राग कुठे दाखवणार, तर काचेत. मी हे पान पहिल्यांदा बघितलं तेव्हा चहा तसाच गार झाला, खोटं नाही सांगत. दहापैकी दहा. डायरीत दहा एवढ्या वेळा दिलेलेच नाहीत.

गिलेनमधलं वाईटही सांगतो. डेथ स्टार उडाल्यामुळे व्हेडरची इज्जत गेलीय, जनरल टॅग त्याचा बॉस झालाय आणि सम्राटाने त्याची जागा घेतील असे नवे उमेदवार पोसायला घेतलेत, ही कल्पना झकास, म्हणजे ऑफिसात प्रोजेक्ट फसल्यावर ज्युनियरला आपल्या डोक्यावर बसवतात तसं अगदी. पण ते उमेदवार, लाइटसेबर, म्हणजे ती प्रकाशाची तलवार घेतलेली भावंडं वगैरे, फार फिकी आहेत, मला त्यांची नावं दर वेळी परत बघावी लागतात. आणि लारोकाची चित्रं. मुखवटे, यानं, रोबो एकदम कडक, पण माणसाचा चेहरा आला की सिनेमातला फोटो गिरवल्यासारखा वाटतो, व्हेडरला चेहराच नाही म्हणून इथे निभावून गेलंय. (हाच लारोका नंतर ल्यूक-लेयावाल्या मुख्य मालिकेत गेला तेव्हा लोकांनी चेहऱ्यांवरून बरंच सुनावलं.)

अजून एक, घेणाऱ्याने हे नक्की वाचा. गिलेनचे खंड चार आहेत. पहिल्यात अंक १ ते ६, दुसऱ्यात ७ ते १२, आणि तिसरा खंड उघडला की डायरेक्ट १६. मधले १३, १४, १५ "व्हेडर डाउन" नावाच्या वेगळ्या पुस्तकात, कारण ती सहा अंकांची गोष्ट दोन मालिकांत वाटून छापलेली. मला हे माहीत नव्हतं, मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून सेकंडहँड चारी खंड घेतले, तिसरा उघडला आणि वाटलं याने मला मधलं पुस्तक दिलंच नाही, त्याला तावातावाने मेसेज केला, त्याने शांतपणे सांगितलं की साहेब असंच असतं. शरमेने त्याच्याकडूनच "व्हेडर डाउन" घेतलं. म्हणजे सेट चारचा नाही, पाचचा धरा. एकगठ्ठा ऑम्निबस घेतला तर हा घोळ नाही, पण ते धूड पोटावर ठेवून झोपून वाचता येत नाही आणि किंमत हजारांच्या घरात.

आता सूल. खरं सांगायचं तर नुसता व्हेडर, फक्त व्हेडर, अंधार, राग आणि पश्चात्ताप पाहिजे असेल तर सूलसारखं काही नाही. सुरुवातीला त्याच्याकडे लाइटसेबरच नाही, सम्राट म्हणतो जा, जिवंत जेडाय (व्हेडरने साथ सोडलेल्या योद्ध्यांपैकी एक) शोध आणि त्याचा हिसकावून आण. तो एका चंद्रावर जातो, तिथे एकटाच राहणारा एक जेडाय आहे, आणि तो जेडाय व्हेडरला चक्क बडवतो. नवा सूट, नवे हातपाय, अजून सवय नाही, सांधे निसटतायत, आणि हा पडलेल्या रोबोंचे सुटे भाग लावून स्वतःला परत उभा करतो. शेवटी जिंकतो कसा, तर धरण फोडतो. खाली शहर आहे, जेडाय लोकांना वाचवायला धावणार हे त्याला पक्कं माहीत. लढाईत कोण भारी हा प्रश्नच उरत नाही, कोणाला कशाची पर्वा आहे एवढंच उरतं. मग पाचव्या अंकात मुस्तफार ग्रहावर तो त्या हिसकावलेल्या लाइटसेबरमधला हिरवा स्फटिक स्वतःच्या वेदनेने लाल करतो, आणि त्या क्षणी त्याला दिसतं की परत फिरायची वाट अजून उघडी आहे. नऊ दिलेत. दहा का नाही दिले आठवत नाही, बहुतेक त्या दिवशी मूड नव्हता.

जेडाय ग्रंथालयाच्या म्हाताऱ्या बाई जोकास्टा नू परत येतात तो भागही मस्त, ग्रंथपाल लोकांनी तर वाचावाच. आणि सूलच्या मालिकेला मधे दुसऱ्या मालिकेत जायची भानगड नाही, चार खंड, १ ते २५ सरळ. कामुंकोलीचा व्हेडर लारोकापेक्षा जड वाटतो, चालताना जमीन दबते असं. शेवटच्या अंकातल्या एका चित्रावरून, सम्राट आणि अनाकिनची (म्हणजे व्हेडरचीच, ते त्याचं जुनं नाव) आई, लोक अजून भांडतात, मी त्यात पडत नाही.

मग सूल आधी का नको? कारण त्यात श्वास घ्यायला जागा नाही. पंचवीस अंक सतत काळोख, हसणारं कोणी नाही, आणि ज्यांची काळजी वाटावी अशी माणसं चार-सहा अंकांत संपतात. ज्याला आधीच व्हेडर आवडतो त्याला हे पंचपक्वान्न, पण माझ्या भावासारखा, ज्याने सिनेमे एकदा बघितलेत आणि प्रीक्वेल अर्धवट सोडलेत, त्याला ऑर्डर ६६, इन्क्विझिटर, जेडाय कौन्सिल हे सगळं दर चार पानांनी गूगल करावं लागेल. गिलेनला पहिला सिनेमा पुरतो. गिलेन वाचून तल्लफ लागली की सूल घ्या, तेव्हा तो दुप्पट लागतो, कारण त्या काचेला तडा का गेला हे तोपर्यंत आतून कळलेलं असतं.

पाकची मालिका पहिली म्हणून अजिबात नको. सुरुवात फार छान आहे, मुलाला आपल्यापासून कोणी लपवलं हे शोधत व्हेडर नाबू ग्रहावर जातो आणि तिथे पॅद्मेसारखीच दिसणारी तिची जुनी सखी साबे भेटते. पहिले पाच अंक मी साडेआठच्या आसपास ठेवलेत. पण ५० अंकांत मधेमधे मोठमोठे क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मालिकांत वाटलेल्या गोष्टी घुसतात, वॉर ऑफ द बाउंटी हंटर्स काय, डार्क ड्रॉइड्स काय, आणि दर वेळी गाडी दुसऱ्याच्याच स्टेशनवर थांबते. लायब्ररीत किंवा मित्राकडे मिळाली तर वाचा.

आता कोणी तरी खाली विचारणारच की डार्क हॉर्स या आधीच्या प्रकाशकाची जुनी कॉमिक्स का नाही सांगितली. सांगतो की. डार्क हॉर्सकडे १९९१ ते २०१४ हक्क होते आणि तिथे व्हेडरपेक्षा नवी माणसं जास्त भारी आहेत. व्हेडरचाच हट्ट नसेल तर नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक घ्या, जॉन जॅक्सन मिलरचं, ५० अंक, सिनेमांच्या जवळपास चार हजार वर्षं आधीचं, त्यामुळे काहीही माहीत नसलं तरी चालतं. झेन कॅरिक नावाचा जेमतेम पास होणारा शिकाऊ जेडाय, त्याच्या वर्गमित्रांचा खून त्याच्याच गुरूंनी केलाय आणि आळ याच्यावर, मग हा एका भामट्याबरोबर पळत सुटतो. हसवतं आणि धावतंही. फक्त २०१४ला लुकासफिल्मने ही सगळी जुनी गोष्ट "लेजंड्स" म्हणून बाजूला काढली, म्हणजे आताच्या अधिकृत कथेत ती मोजत नाहीत. मला काही फरक पडत नाही, भावाला पडतो, त्याला "खरं" घडलेलंच पाहिजे. काल्पनिक आकाशगंगेत खरं! असो.

१९७७चं मूळ मार्व्हल, १०७ अंक, ते फक्त गंमत म्हणून. सिनेमा यायच्या आधीच पहिला अंक स्टॉलवर आलेला, जब्बा कसा दिसतो हे कोणालाच माहीत नव्हतं म्हणून मिशीवाला सडपातळ पिवळा प्राणी काढलाय, आणि आठव्या अंकात अंतराळात बंदूक घेऊन फिरणारा हिरवा ससा आहे. ज्यांनी लहानपणी इंद्रजालचा वेताळ वाचलाय त्यांना ती छपाई, ते ठिपके ठिपके रंग बघून बरं वाटेल. मार्क देत नाही, आजोबांना मार्क देतात का.

भावाने मीटिंगमधून एवढंच उत्तर पाठवलं, "म्हणजे गिलेन ना?" हो बाबा गिलेन. व्हेडर डाउन वेगळं घ्यायचं विसरू नको, आणि माझा पहिला खंड मागू नकोस, तो गेल्या वर्षी गणपतीत तूच नेलायस.