बोलोन्यात जेवायला जाताना आधी लाटणं शोधा

इटलीतल्या बोलोन्या शहरात 'स्पगेटी बोलोनीज' मागू नका. इथला रागू, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला खिम्याचा रस्सा, स्पगेटीबरोबर वाढायची रीतच नाही. तो तालियातेल्लेवर घालतात, आणि त्यामागे कारण आहे. स्पगेटी गोल आणि गुळगुळीत असते, त्यामुळे खिमा तिच्यावरून ओघळून ताटाच्या तळाशी जातो. तालियातेल्ले म्हणजे अंडं घालून मळलेल्या पिठाची चपटी, किंचित खरखरीत पट्टी. खिम्याचा कण न्‌ कण ती धरून ठेवते.

हा खरखरीतपणा लाटण्याने येतो. 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं हे इथलं प्रमाण. गोळा अर्धा तास झाकून ठेवायचा आणि मग लाकडी पाटावर हातभर लांब लाटण्याने त्याची मोठी, पातळ पोळी लाटायची. या पोळीला 'स्फोल्या' म्हणतात आणि ती लाटणाऱ्या बाईला 'स्फोलिना'. लाकडाचा पोत पोळीवर उतरतो. यंत्राच्या गुळगुळीत रुळांतून दाबून काढलेल्या पट्टीला तो मिळत नाही. म्हणून जागा निवडताना मेन्यूकार्डाआधी काचेमागे कोणी पोळी लाटतंय का ते बघावं. पट्ट्यांच्या रुंदीचीही इथे नोंद आहे: शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. 1972 साली चेंबर ऑफ कॉमर्समध्ये हे माप रीतसर दाखल झालं.

रागूची पाककृतीही तिथेच 1982 साली नोंदवली गेली आणि 2023 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. त्यात गोमांस, पान्चेत्ता म्हणजे डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस, कांदा-गाजर-सेलरी, वाइन, थोडा टोमॅटो आणि चवीला दूध असतं. रंग तपकिरी-नारिंगी हवा. ताटात लालभडक रस्सा आला तर टोमॅटो जास्त पडलाय. तळाशी पाणी साठलं असेल तर पास्ता रागूत न परतताच वर रस्सा ओतलाय. ताज्या पट्ट्या दोन-तीन मिनिटांत शिजतात, त्यामुळे चिकट लगदा झाला असेल तर त्या आधीच उकडून ठेवलेल्या होत्या असं खुशाल समजावं.

तालियातेल्लेसाठी पहिली शिफारस विया कास्तिल्योने या रस्त्यावरच्या 'स्फोल्या रीना'ची. मुळात हे ताज्या पास्त्याचं दुकान, त्याला जोडून टेबलं. पास्ता विकत घ्या किंवा तिथेच बसून खा. दुपारी एक वाजता रांग दाराबाहेर जाते, म्हणून साडेअकरा-बाराच्या सुमारास पोचावं. विद्यापीठाच्या भागात, विया मेन्तानावर 'ऑस्तेरिया देल्लोर्सा' आहे. लांब टेबलांवर अनोळखी माणसांशेजारी बसायचं, ताट भरगच्च, दर विद्यार्थ्यांना परवडणारे. निवांत बसून गप्पा मारायची ही जागा नाही. शांतपणे, पूर्ण जेवण जेवायचं असेल तर विया बेल्ले आर्तीवरची 'त्रात्तोरिया आन्ना मारिया' बरी. तिथे मात्र आधी टेबल राखून ठेवावं.

तोर्तेल्लिनीची गोष्ट वेगळी. करंगळीच्या टोकाएवढी ही पास्त्याची भरलेली मुरड. आत डुकराचं मांस, प्रोशुत्तो (खारवून सुकवलेली डुकराची मांडी), मोर्तादेल्ला (चरबीचे तुकडे घातलेलं डुकराचं जाड सॉसेज), पार्मिजानो चीज, अंडं आणि जायफळ. आकार जितका लहान तितके कष्ट जास्त, म्हणून मोठ्या मुरडी दिसल्या की घाईचं काम ओळखावं. त्या खायच्या 'इन ब्रोदो', म्हणजे खच्ची केलेला कोंबडा आणि गोमांस उकळून केलेल्या गरम, निवळ रसात. क्रीममधल्या तोर्तेल्लिनीही मिळतात आणि बऱ्याच जणांना आवडतात, पण क्रीम जायफळाचा वास झाकून टाकतं. पहिली खेप तरी रसातलीच घ्यावी. हिवाळ्यात या रसाला तोड नाही. जुलैच्या दमट दुपारी मात्र तो जड वाटतो.

पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाला लागूनच क्वाद्रिलातेरो हा जुन्या बाजाराचा भाग आहे. इथे फळ्यांवर मांस-चीज मांडून रस्त्यावरच्या टेबलांवर देणारी बरीच ठिकाणं आहेत. त्या फळीसाठी मोजलेल्या पैशांत शेजारच्या दुकानातून दुप्पट माल येतो. त्यापेक्षा असं करावं: विया पेस्केरिये वेक्किये किंवा विया द्रापेरियेवरच्या दुकानातून एक 'एत्तो' मोर्तादेल्ला घ्या. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम; इथला सगळा व्यवहार याच मापात चालतो. कागदाइतकी पातळ कापून मागा, जाड कापली तर चरबीचे तुकडे चावत बसावे लागतात. 24 महिने मुरलेलं पार्मिजानो आणि थोडा पाव घ्या. ही पुडी घेऊन विकोलो रानोक्की या बोळात शिरा. तिथे 'ऑस्तेरिया देल सोले' आहे, 1465 पासून चालू असलेला गुत्ता. इथे स्वयंपाकघरच नाही. खाणं आपलं न्यायचं, प्यायला मात्र त्यांच्याकडून घ्यायचं. आधी गल्ल्यावर जाऊन पेला घ्या, मग बाकावर पुडी उघडा. प्यायला काही न घेता नुसतं बसणं तिथे चालत नाही. रविवारी बंद.

आता शाकाहारी मंडळींसाठी जरा सविस्तर, कारण बोलोन्यात फसगत इथेच होते. 'सेन्झा कार्ने', म्हणजे बिनमांसाचं, एवढं सांगून भागत नाही. पियादिना या पोळीच्या पिठात बहुतेकदा 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी असते. पुरीसारखी फुगणारी तळलेली क्रेशेन्तीना बऱ्याच ठिकाणी त्याच चरबीत तळतात. कांदा-टोमॅटोचं फ्रिज्जोने नावाचं झकास तोंडीलावणं वरवर भाजीचं दिसतं, पण त्यातही चरबी पडते. पास्सातेल्ली (पावाचा चुरा, चीज आणि अंड्याच्या जाड शेवया) आणि तोर्तेल्लिनी येतात त्या मांसाच्या रसात. त्यामुळे दोन शब्द पाठच करावेत: 'सेन्झा स्त्रुत्तो' आणि 'सेन्झा ब्रोदो'. अस्सल पार्मिजानो वासराच्या पोटातल्या रेनेट या दूध गोठवणाऱ्या द्रव्याने विरजतात, हेही ज्यांना चालत नाही त्यांनी आधी ध्यानात घ्यावं.

अंडं आणि चीज चालत असेल तर 'तोर्तेल्लोनी बुर्रो ए साल्व्या' मागावं. रिकोत्ता हे मऊ चीज भरलेल्या मोठ्या मुरडी, वर लोणी आणि सेज या सुवासिक झाडाची परतलेली पानं. स्फोल्या रीनात हा पदार्थ फार सुरेख होतो आणि तालियातेल्लेच्या तोडीस तोड आहे. नाव मात्र नीट उच्चारावं, तोर्तेल्लोनी आणि तोर्तेल्लिनी यांत एका स्वराचा फरक आणि सगळं मांस. अंडं चालत नसेल तर ताजा पास्ता सोडूनच द्यावा; अंड्याशिवाय स्फोल्या होत नाही. मग सुक्या पास्त्याचं 'स्पगेटी अल पोमोदोरो' किंवा पिझ्झा मारिनारा, ज्यावर चीजही नसतं. विया उगो बास्सीवरच्या मेर्कातो देल्ले एर्बे या मंडईत भाजी, फळं आणि खाण्याचे गाळे एकाच छपराखाली आहेत. कुटुंबात खाणाऱ्यांचे दोन पक्ष असतील तर तिथे सोय होते.

वेळा पाळाव्या लागतात. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. चार वाजता पोचलात तर चूल बंद असते आणि चालू असलेली जागा बहुधा पर्यटकांसाठी गरम करून देणारी निघते. 15 ऑगस्टच्या आसपास बरीच चांगली ठिकाणं सुट्टीवर जातात. बिलात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लागतो. तो पाव आणि बैठकीचा आकार आहे, फसवणूक नव्हे. टिप वेगळी देण्याची सक्ती नसते. पाणी बाटलीतलं येतं आणि त्याचेही पैसे पडतात. रागूच्या ताटाला साधारण 10 ते 15 युरो धरून चालावं.

जेवण हुकलंच तर जेलातो, म्हणजे इथलं आइस्क्रीम, उपयोगी पडतं, ही दुकानं दुपारभर उघडी असतात. विया कास्तिल्योनेवरची 'सोर्बेत्तेरिया' आणि विया सान्तो स्तेफानोवरची 'क्रेमेरिया सान्तो स्तेफानो' दोन्ही भरवशाच्या. इतरत्र कुठे काचेमागे जेलातोचे उंच, भडक रंगाचे डोंगर रचलेले दिसले तर पुढे चालावं. पिस्ता तपकिरीकडे झुकणारा हिरवा हवा, पोपटी नको. दूध टाळायचं असेल तर फळांचं 'सोर्बेत्तो' मागून त्यात दूध नाही ना, हे विचारून घ्यावं.