डीलरचा पत्ता झाकलेला बरा की उघडा? क्लासिक ब्लॅकजॅक आणि डबल एक्स्पोजर

कोल्हापूरचा भाचा दर वर्षी चवथीला फोंड्याला येतो आणि आरती आटोपली की पत्ते पिसायला बसतो. यंदा त्याला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जायचं होतं. मी काही सोबत जाऊ शकत नाही. १ फेब्रुवारी २०२०पासून गोंयकारांना कॅसिनोत खेळायला मनाई आहे. म्हणून घरच्या सोप्यावरच टेबल मांडलं. पत्त्यांचे सहा कॅट आणि चिप्सच्या (कॅसिनोत पैशांऐवजी लावायच्या चकत्यांच्या) जागी काजूच्या बिया.

त्याचा प्रश्न सरळ होता: "मामा, ब्लॅकजॅकच्या डबल एक्स्पोजर प्रकारात डीलरचे दोन्ही पत्ते उघडे असतात म्हणे. मग झाकलेल्या पत्त्याचा क्लासिक खेळ कोण खेळेल?"

मूळ डाव दोन्हीकडे एकच. डीलर म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणारा; एकवीसच्या वर न जाता त्याच्यापेक्षा जास्त बेरीज करायची. सुरुवातीला दोघांनाही दोन-दोन पत्ते, क्लासिकमध्ये डीलरचा त्यातला एक झाकलेला. चित्रं दहाची, एक्का एकचा किंवा अकराचा, एकवीसच्या वर गेलात की उडालात. डीलरला सोळापर्यंत पत्ता घ्यावाच लागतो आणि सतरावर तो थांबतो (काही टेबलांवर एक्का धरून झालेल्या सतरावरही घेतो, ते आपल्या तोट्याचं).

आता उघड्या पत्त्याची किंमत बघा. क्लासिकमध्ये बरोबरी झाली की पैसे परत मिळतात. डबल एक्स्पोजरमध्ये बरोबरी डीलरची. शंभरातले आठ-नऊ डाव बरोबरीत सुटतात, म्हणजे ते सगळे गेले. शिवाय क्लासिकमध्ये ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाचं पान आलं तर, हजारावर दीडहजार मिळतात, इथे हजारावर हजारच. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा लागतो. एवढं कापून घेतल्यावर मग पत्ता दाखवतात! अचूक खेळलात तर क्लासिकमध्ये कॅसिनोची आघाडी (लावलेल्या पैशांतला सरासरी त्याच्याकडे जाणारा वाटा) जवळपास अर्धा टक्का आणि डबल एक्स्पोजरमध्ये पाऊण टक्क्याच्या आसपास. टेबलाच्या नियमांप्रमाणे कमी-जास्त होते. हा फरक फार नाही. खरी अडचण त्या "अचूक" शब्दात आहे.

क्लासिकची रीत एका संध्याकाळी पाठ होते. डीलरची चव्वी, पंजी किंवा छक्की दिसली तर बारावरच थांबा, दुर्री-तिर्रीला तेरावर. सत्ती किंवा त्याहून मोठं पान असेल तर सतरा होईपर्यंत घेत राहा. अकरावर डबल करा, म्हणजे पैसे दुप्पट लावून एकच पत्ता घ्या. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी फोडा (तेवढेच पैसे आणखी लावून दोन वेगळे डाव करा), दहाची कधीच नाही. इन्शुरन्सला, म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावरच्या जादा पैजेला, हात लावू नका.

डबल एक्स्पोजरमध्ये यातलं बरंच उलटं होतं. डीलरकडे वीस दिसतायत आणि तुमच्याकडे एकोणीस, तर पत्ता मागायचा. फक्त दुर्रीच वाचवेल, पण थांबलात तर हरणं ठरलेलंच आहे. तुमच्याकडेही वीसच असतील तरी मागायचा. एक्का आला तरच जिंकाल. अकरावर डबल करायचा मोह होतो, पण समोर वीस असतील तर फक्त पत्ता घ्या. याउलट डीलरकडे एक्का नसलेले सोळा असतील तर तेरातल्या आठ पानांनी तो पुढच्याच पत्त्याला उडतो. तेव्हा वीस हातात असतानाही दहाची जोडी फोडून दुप्पट पैसे लावणं फायद्याचं. क्लासिकमध्ये हेच केलंत तर शेजारचा डोक्याला हात लावेल.

स्पॅनिश २१ नावाचा तिसरा प्रकारही आहे. त्यात प्रत्येक कॅटमधल्या चारही दश्शा काढून टाकतात आणि बदल्यात खेळाडूचे एकवीस नेहमी जिंकतात. त्याचा तक्ता वेगळाच पाठ करावा लागतो, पहिल्या फेरीला नको.

कुठल्याही टेबलावर बसण्याआधी कापडावर छापलेलं वाचा. क्लासिक म्हणून मांडलेल्या टेबलावर ब्लॅकजॅकला ३:२ ऐवजी ६:५ लिहिलेलं असेल तर उठा. हजारावर दीडहजारांऐवजी बाराशेच मिळतील. तासाला साठ डाव धरले तर आठ-नऊशे रुपये केवळ त्या दोन आकड्यांपायी जातात. ६:५च्या क्लासिकपेक्षा मग डबल एक्स्पोजरही परवडलं.

आणि या सगळ्या टक्क्यांवर भारी पडतो तो कर. १ ऑक्टोबर २०२३पासून चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर परत कर नाही. तेव्हा प्रवेशाच्या पॅकेजमध्ये कर धरलाय की वेगळा, ते खिडकीवरच विचारून घ्या. आम्ही सोप्यावर अर्धा की पाऊण टक्का यावर तासभर वाद घातला आणि हा आकडा आठवल्यावर दोघंही गप्प झालो.

पंचतारांकित हॉटेलांतल्या कॅसिनोंना कायद्याने फक्त यंत्रांवरच्या खेळांची मुभा आहे. माणूस पत्ते वाटतो ती टेबलं बोटींवर. प्रवेशाला वयही एकवीसच लागतं.

काजूच्या बियांवर भाचा दोन्ही प्रकार खेळला. वीसविरुद्ध वीस अशी वेळ तीनदा आली आणि तिन्ही वेळा पत्ता मागायला त्याची जीभ उचलेना. एकदा तर "मामा, वीस आहेत हो!" असं मलाच समजावत बसला. आता क्लासिकवर बसणार म्हणतोय.