अल्ट्रासोनिक पेस्ट रिपेलर : डासांसाठी शून्य, उंदरांसाठी चार दिवस

सॉकेटमध्ये खोचा, निळा दिवा लागला की डास, उंदीर, झुरळं, पाली सगळे घराबाहेर. चार-पाचशे रुपयांच्या या प्लगच्या जाहिरातीत डासांबाबत दोन समजुती हमखास सापडतात. मादी नराच्या पंखांच्या आवाजाला टाळते, ही एक. डास वटवाघळाच्या आवाजाला घाबरतात, ही दुसरी. दोन्ही एकाच यंत्रात बसतच नाहीत. डासाच्या पंखांचा सूर काहीशे हर्ट्‌झचा, म्हणजे कानाशी गुणगुणतो तोच. अल्ट्रासोनिक म्हणजे २०,००० हर्ट्‌झच्या वरचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज; हा प्लग तोच सोडतो. वटवाघळाची चाहूल काही पतंगांना लागते, त्यांना तसे कान असतात. डास मिशांनी ऐकतो आणि त्या खालच्या सुरांसाठी आहेत. शिवाय चावणारी मादी माग काढते तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा, अंगाच्या वासाचा आणि उष्णतेचा.

हे शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष तपासलंय. माणूस पाय उघडे ठेवून बसतो, पायावर उतरणारे डास पकडून मोजतात. एकदा यंत्र चालू ठेवून, एकदा त्याविना. अशा १० अभ्यासांचा आढावा २००७ साली आला, तो आरोग्यविषयक संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रन या संस्थेचा. एकातही यंत्राने डास कमी झाले नाहीत. या अभ्यासांतल्या १५ पैकी १२ प्रयोगांत तर यंत्र चालू असताना जास्तच बसले! फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच ६० हून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना अशा दाव्यांबद्दल ताकीद दिली होती.

उंदराचं प्रकरण वेगळं. त्याला हा आवाज ऐकू येतो, उंदीर आपसात याच पट्टीत बोलतात. त्यामुळे नवा आवाज आला की काही दिवस दबकतात आणि खरेदीच्या साइटवर पाच तारे नेमके तेव्हाच दिले जातात. मग सवय होते. त्यात हा आवाज भिंत, कपाट ओलांडत नाही, पडदे-गाद्यांत मुरतो. फ्रिजमागे तर पोचतच नाही, आणि उंदीर असतो तिथेच.

प्लग घेतलाच असेल तर उंदराच्या वाटेवर रात्री टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, सकाळी ठसे मोजा. प्लग तीन रात्री बंद, दोन आठवडे चालू, पुन्हा तीन रात्री बंद. मध्येच सापळा लावला किंवा खरकटं झाकायला लागलात तर श्रेय कोणाचं ते कळणार नाही. मोबाइल ॲपने आवाज मोजायला जाऊ नका. फोनचा माइक बहुधा त्या पट्टीपर्यंत पोचत नाही.

डासांसाठी तेच पैसे मच्छरदाणीत घाला. आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना पिंप नुसतं उपडं करू नका, आतून घासा; डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी काठाला चिकटलेली असतात. उंदरांसाठी सिंकखालच्या पाइपाभोवतीची फट बघा. करंगळी जात असेल तर घरातला छोटा उंदीर आरामात जातो. तिथे आधी स्टीलचा काथ्या घट्ट कोंबा, वरून सिमेंट. नुसता फोम भरलात तर उंदीर तो कुरतडतो.