मोठा घाणा की चौकडी: शिपाई रंगवताना हुरूप टिकवायचा तर

प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारलेले, टेबलावरच्या लढायांच्या खेळातले इवले शिपाई टेबलावर उभे आहेत, ब्रश धुऊन ठेवलेत, तासभर वेळही आहे, आणि तरी हात जात नाही. हे ज्याच्या वाट्याला आलंय आणि आता पुढची पलटण कशी काढावी याचा जो विचार करतोय, त्याच्यासाठी हे लिहितोय. वाटा मुख्यतः दोन. अख्खी पलटण एकदम हातात घ्यायची, म्हणजे मोठा घाणा. किंवा चारच शिपाई घ्यायचे आणि बेससकट (पायाखालच्या चकतीसकट) पुरे करूनच पुढचे चार घ्यायचे, म्हणजे चौकडी. मी दोन वर्षं मोठे घाणे काढले, गेलं दीड वर्ष चौकडीवर आहे.

माझा विषय असईची लढाई, 23 सप्टेंबर 1803. आकृत्या 28 मिलिमीटरच्या. एका बाजूला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या मद्रासी पलटणी आणि दोन हायलँडर रेजिमेंट, दुसऱ्या बाजूला शिंद्यांचे कवायती कंपू (युरोपी पद्धतीने शिकवलेल्या पायदळाच्या तुकड्या), सरधन्याची जहागीरदार बेगम समरू हिच्या पलटणी आणि ती भलीमोठी तोफांची रांग. म्हणजे लाल डगल्यांची संख्या बरीच, आणि त्यात वेगळेपण फार थोडं.

मोठ्या घाण्याची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. चोवीस शिपाई बाटल्यांच्या झाकणांवर चिकटवून ओळीत मांडायचे आणि लाल हातात घेतला की लालच. चोविसाव्यापर्यंत पोचता पोचता पहिला वाळलेला असतो, त्यामुळे खोळंबा नाही. रंग वाया जात नाही. पलटणभर लाल एकसारखा उतरतो, आणि टेबलावर हातभर अंतरावरून बघताना नजरेत भरतो तो एकसारखेपणाच. हात एकदा बसला की दहाव्या शिपायापासून पट्टे पहिल्यापेक्षा सरळ येतात. रविवारी सलग पाच तास मिळणारा माणूस असेल, किंवा पुढच्या महिन्यात खेळ ठरलेला असेल, तर मी त्याला अडवणार नाही.

माझं घोडं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. कंटाळ्याने नव्हे, छातीवरचे पांढरे पट्टे, चोवीस शिपायांचे अठ्ठेचाळीस, मी शांतपणे काढले होते. अडचण आली ती खंड पडल्यावर. गणपतीत दहा दिवस ट्रे कपाटावर गेला. परत काढला तेव्हा चोवीसही अर्धवट होते, आणि कोण कुठवर आलाय तेच कळेना. काहींच्या चेहऱ्यावर वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग) होता, काहींच्या नव्हता. चेहऱ्याचा रंग तर मी स्वतः मिसळलेला, कारण बाटलीत तयार मिळणारा ‘फ्लेश’ बहुतेक युरोपी कातडीचा असतो आणि मद्रासी शिपायाला तो चालत नाही. तपकिरी किती, पिवळसर किती, लिहून ठेवलं नव्हतं. तो संपूर्ण तास जुन्या मिश्रणाशी नवं जुळवण्यात गेला. एकही शिपाई पुढे सरकला नाही आणि मी ट्रे परत वर ठेवला. त्यानंतर तो पाच महिने खाली आला नाही.

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. रंगवायला किती वेळ लागतो याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. खंडानंतर पुन्हा बसायला किती सोसावं लागतं, हे मोजायला हवं. नोकरी, घर, सणवार असलेल्या माणसाला खंड पडणारच. मोठ्या घाण्यात प्रत्येक खंडाची किंमत चोवीस शिपायांवर पडते. चौकडीत ती फार तर चारांवर पडते, बाकीचे पुरे होऊन कपाटात असतात.

चौकडीवर मी आलो तो तोफेमुळे. पायदळ बघवेना म्हणून शिंद्यांच्या तोफखान्यातले चार गोलंदाज आणि एक तोफ काढली. असईला हे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजी फळी पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून मारा केला. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून चेहरे नीट केले: गालाच्या उंचवट्यावर एक फिकट रेघ, मिशीखाली बारीक सावली. बेसला वाळू, वाळूवर तपकिरी वॉश, वर ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिरवलेला फिकट रंग. रोज जेवणानंतर पाऊण तास, आणि आठवड्यात तोफ पुरी. ती कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी न ठरवता पुढची तोफ काढली.

मग दुसरी एक मद्रासी पलटणही तशीच काढली, चार-चारांच्या सहा खेपा. रंगाची छटा खेपेगणिक बदलेल ही भीती रास्त आहे आणि माझ्या पहिल्या दोन खेपांत ती थोडी बदललीही. त्यावर उपाय सापडला तो असा: नाकात घालायच्या औषधाची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन त्यात चेहऱ्याचं मिश्रण पलटणभर पुरेल इतकं एकदाच करून ठेवतो, आणि झाकणावर थेंबांचं प्रमाण लिहितो. शिवाय पहिला पुरा झालेला शिपाई नमुना म्हणून दिव्याखाली उभा असतोच.

तिसरी वाटही लोक सुचवतात: सिटाडेल या रंगांच्या ब्रँडने 2019 मध्ये आणलेले काँट्रास्ट आणि त्या जातीचे रंग, जे एकाच हातात सावली आणि उजेड दोन्ही देतात. डगल्याच्या चुण्या आणि चेहरे यांना मीही ते वापरतो, वेळ नक्की वाचतो. पण खंडाचा प्रश्न त्याने सुटत नाही. चोवीस अर्धवट चेहरे काँट्रास्टमध्येही अर्धवटच राहतात.

चौकडीचा तोटा सांगायला हवा. ब्रश सारखा धुवावा लागतो, आणि एक रंग वाळेपर्यंत चारच शिपाई असल्याने हात रिकामा राहतो. मी तेवढ्यात बेसच्या कडा काढतो. एकूण तास बहुधा जास्तच लागत असतील. ज्याला हे सलतं त्याने आठ घ्यावेत. आठापर्यंत कोण कुठवर आलाय ते माझ्या लक्षात राहतं, बारापासून राहत नाही. तुमचा आकडा वेगळा निघू शकेल.

तो जुना ट्रे शेवटी मी फोडला. चोवीसपैकी चार उचलले, बाकीचे वीस खोक्यात घालून नजरेआड केले. सध्या पाचवी चौकडी चालू आहे.