‘संपूर्ण’ आरोग्य तपासणीत राहून गेलेली लघवीची एक तपासणी

आईचे वय 64. तिची वार्षिक तपासणी या वेळी आम्ही एका प्रयोगशाळेच्या घरपोच ‘संपूर्ण आरोग्य’ पॅकेजमधून करून घेतली. रक्त घेणारी मुलगी ठरल्या वेळी आली, तिला पहिल्याच प्रयत्नात शीर सापडली आणि अहवाल त्याच संध्याकाळी फोनवर आला. सेवेबद्दल तक्रारीला जागा नाही. तक्रार आहे ती अहवालात जे नव्हते त्याबद्दल.

तिसऱ्या पानावर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज) 6.3 टक्के, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. सहाव्या पानावर ‘किडनी प्रोफाइल’ या मथळ्याखाली क्रिएटिनिन 1.1 आणि शेजारी मर्यादा 0.6 ते 1.1, त्यामुळे आकडा साध्या काळ्या अक्षरांत, कसलीही खूण नाही. “किडनी चांगली आहे,” असे म्हणून आईने फोन बाजूला ठेवला. परंतु क्रिएटिनिन हा मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ स्नायूंत तयार होतो, आणि उतारवयातल्या बायकांचे स्नायू मुळात कमी असल्यामुळे मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता बरीच घटली तरी हा आकडा मर्यादेत राहू शकतो. वय आणि लिंग धरणाऱ्या 2021 च्या सूत्राने त्याच 1.1 वरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढला, तर तो साधारण 56 येतो. आणि 60 च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून अधिक टिकला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार ठरतो. यासाठी रक्ताचा एक थेंबही जास्त लागत नाही, फक्त अहवालात एक ओळ छापावी लागते.

आमच्या डॉक्टरांनी पाने चाळताच विचारले, “लघवीतल्या अल्ब्युमिनचे प्रमाण कुठे आहे?” अल्ब्युमिन हे रक्तातले एक प्रथिन. पॅकेजमध्ये पट्टी बुडवून केलेली लघवीची साधी तपासणी होती आणि तिच्यात प्रथिने ‘नाहीत’ असे लिहिले होते, पण त्या पट्टीला अल्ब्युमिनची थोडी गळती दिसत नाही. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर वेगळे तपासले तेव्हा ते 84 निघाले, जे 30 च्या आत असायला हवे. एका नमुन्यावर निदान करायचे नसते, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही तपासण्या तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितल्या आहेत.

ही गळती केवळ मूत्रपिंडाची बाब असती तर मी इतके लिहिले नसते. हृदय दर ठोक्याला जे रक्त बाहेर टाकते, त्याचा जवळपास पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. पोटातली चरबी वाढली की इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, साखर आणि रक्तदाब चढतात, आणि मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्यांवर ताण येऊन अल्ब्युमिन पाझरू लागते. थकलेली मूत्रपिंडे मीठ आणि पाणी साठवतात, त्याने रक्तदाब आणखी वाढतो आणि त्याचा भार पुन्हा हृदयावर पडतो. हृदय दुबळे झाले की मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचते आणि चक्र उलट दिशेनेही फिरते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2023 मध्ये या साऱ्याला ‘कार्डिओव्हॅस्क्युलर-किडनी-मेटाबॉलिक सिंड्रोम’ असे एकच नाव देऊन 0 ते 4 असे टप्पे ठरवले, ते याच कारणाने. मधुमेहासाठी आलेली, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी एसजीएलटी-2 गटातली औषधे आज हृदय दुबळे झालेल्या आणि मूत्रपिंडविकार असलेल्या अनेकांना मधुमेह नसतानाही दिली जातात, यावरून ही नाती किती खोल आहेत ते कळते.

या पॅकेजमध्ये जीवनसत्त्वे, लोह, थायरॉइड असे बरेच काही आहे आणि ते व्यवस्थित तपासले जाते. मात्र रक्तदाब आणि कमरेचा घेर मोजलाच जात नाही, आणि हृदय, साखर, मूत्रपिंड यांची पाने एकमेकांशी काही बोलत नाहीत. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, किंवा ज्यांच्या घरात हृदयविकार आहे, त्यांनी हे पॅकेज घेतलेच तर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर वेगळे मागून घ्यावे आणि ईजीएफआर छापून देणार का, हे आधी विचारावे. वक्तशीरपणा आणि रक्त घेण्याचे कौशल्य यांसाठी पाचपैकी पाच. ‘संपूर्ण’ या शब्दासाठी मी दोनच देईन.